कंपनीचा कॉम्प्युटर दोन वर्षांत मंद का होतो?

दुकानासाठी किंवा कारखान्यासाठी कॉम्प्युटर घेताना आमचे व्यापारी बांधव सहसा दोनच गोष्टी पाहतात, किंमत आणि कंपनीचे नाव. नाव मोठे तर माल टिकाऊ, हा बाजाराचा जुना हिशेब आहे. शिवणयंत्र, वजनकाटा, पंखा यांच्या बाबतीत तो बहुधा खराही ठरतो. कॉम्प्युटरच्या बाबतीत मात्र तो फसतो. पहिल्या दिवशी बटण दाबताच उघडणारे यंत्र दोन-तीन वर्षांत असे होते की दुकान झाडून, लोबान फिरवून झाला तरी पडद्यावरचे चक्र आपले फिरतेच आहे. गिऱ्हाईक बिलासाठी उभे असते, मालाची गाडी ई-वे बिलासाठी अडलेली असते आणि मुनीम कपाळाला हात लावून बसलेला असतो.

मग दुरुस्तीवाला येतो आणि सांगतो, "भाईसाब, जुना झाला, आता नवा घ्या." दुकानदार हप्ते बांधून द्यायला तयारच असतो. चाळीस-पन्नास हजारांचा नवा बोजा अंगावर पडतो, आणि ज्या व्याजापासून आपण इतर व्यवहारांत जपून राहतो ते असे मागच्या दाराने दुकानात शिरते. पुष्कळ ठिकाणी हा खर्च करण्याचे कारणच नसते. म्हणून यंत्र मंद होते म्हणजे नेमके काय होते, हे समजून घेणे आम्हाला जरुरीचे वाटते.

पहिली गोष्ट अशी की कॉम्प्युटरचा मेंदू, ज्याला प्रोसेसर म्हणतात, तो झिजत नाही. त्यात दाते नाहीत, पट्टा नाही, वंगण नाही. पाच वर्षांपूर्वी तो सेकंदाला जितकी कामे करीत होता तितकीच तो आजही करू शकतो. टांग्याचा घोडा तोच आहे आणि त्याची ताकदही तीच आहे. फरक पडला आहे तो सवाऱ्यांच्या संख्येत, आणि काही वेळा रस्त्यात.

खोक्यातूनच आलेल्या सवाऱ्या

काही सवाऱ्या तर टांगा घरी येण्यापूर्वीच त्यात बसलेल्या असतात. सुट्या भागांतून जुळवलेला, ज्याला आपण असेम्बल केलेला म्हणतो तसा कॉम्प्युटर मुंबईच्या लॅमिंग्टन रोडवरून आणला तर त्यात विंडोज आणि आपण सांगितलेले प्रोग्राम एवढेच असते. नावाजलेल्या कंपनीच्या यंत्रात मात्र आपण न मागितलेल्या प्रोग्रामांची एक वरातच असते. महिन्या-दोन महिन्यांच्या मुदतीचे अँटिव्हायरस, फोटो सजवण्याचा प्रोग्राम, खेळ, कंपनीचा स्वतःचा 'मदतनीस', नवीन आवृत्ती शोधणारा आणखी एक. हे प्रोग्राम बनवणाऱ्या कंपन्या त्यांच्या जागेसाठी कॉम्प्युटर कंपनीला पैसे देतात. कॉम्प्युटरच्या धंद्यात स्पर्धा फार आणि नफा थोडा, त्यामुळे ही वरकमाई कोणी सोडत नाही. गिऱ्हाइकाला किंमत थोडी कमी दिसते, पण तो फरक पुढे वेळेच्या रूपाने चुकवावा लागतो.

ही काही ऐकीव गोष्ट नाही. २००८ साली सोनी कंपनीने आपल्या काही वायो लॅपटॉपवरून हे फालतू प्रोग्राम काढून देण्यासाठी वेगळे पन्नास डॉलर मागितले होते. म्हणजे आधी कचरा घालायचा आणि मग तो उचलण्याची मजुरी गिऱ्हाइकाकडूनच घ्यायची! फार ओरड झाली तेव्हा ती रक्कम कंपनीने माफ केली. लेनोवोच्या लॅपटॉपमध्ये २०१४ च्या उत्तरार्धात 'सुपरफिश' नावाचा प्रोग्राम घालून मिळू लागला होता. तो गिऱ्हाइकाने उघडलेल्या पानांमध्ये आपल्या जाहिराती घुसवी आणि बँकेसारख्या सुरक्षित व्यवहारांचे कुलूपही ढिले करी. २०१५ च्या फेब्रुवारीत हे उघडकीस आले आणि २०१७ मध्ये कंपनीला अमेरिकेच्या व्यापार आयोगाशी समझोता करावा लागला.

त्यात मुदतीचा अँटिव्हायरस हा सर्वांत त्रासदायक पाहुणा. मुदत संपली की तो रोज पैसे मागतो, पण जात नाही. दुकानदार मग बाजारातून दुसरा अँटिव्हायरस आणून त्यावर बसवतो. आता एकाच दरवाजावर दोन चौकीदार उभे! प्रत्येक फाइल दोघेही उघडून पाहणार आणि एकमेकांवरही नजर ठेवणार. विंडोज १० आणि ११ मध्ये मायक्रोसॉफ्टचे स्वतःचे संरक्षण फुकट येते. साध्या दुकानाला ते पुरेसे आहे, असे आमचे मत आहे.

अड्डा आणि माळा

आता मंदपणाच्या खऱ्या मुळाकडे वळू. आमच्या जरीकाम करणाऱ्या बांधवांना हे लवकर पटेल. कारागीर अड्ड्यावर कापड ताणून बसतो आणि लागणारी रिळे, टिकल्या, सुया हाताशी मांडून ठेवतो. बाकीचा माल माळ्यावर असतो. अड्ड्याजवळची जागा ऐसपैस असेल तर काम झरझर होते. जागा तोकडी असेल तर दर टाक्याला एक रीळ माळ्यावर ठेवा, दुसरे उतरवा, पुन्हा पहिल्यासाठी चढा, असे होऊन बसते. हात पहिल्याइतकाच चपळ असतो, पण दिवस शिडीवर जातो.

कॉम्प्युटरमध्ये हाताशी असलेली जागा म्हणजे रॅम आणि माळा म्हणजे हार्ड डिस्क. रॅम भरली की विंडोज त्यातले काही सामान डिस्कवर नेऊन ठेवते आणि लागेल तेव्हा परत आणते. टॅली, जीएसटीचे पान, व्हॉट्सॲप, जोडीला दहा-बारा टॅब उघडलेला क्रोम आणि पाठीमागे ते न बोलावलेले पाहुणे. चार जीबी रॅममध्ये एवढे मावत नाही, आणि मग शिडीची चढउतार सुरू होते.

त्यात माळ्याची शिडी जुनी असेल तर विचारूच नका. जुन्या पद्धतीच्या हार्ड डिस्कमध्ये खरोखरच तबकडी फिरते आणि ग्रामोफोनसारखा एक हात तिच्यावर पुढेमागे सरकतो. स्वस्त लॅपटॉपमध्ये ही तबकडी मिनिटाला ५४०० फेरे घेते. ऐकायला मोठा आकडा आहे, पण हिशेब करून पाहा. सेकंदाला ९० फेरे झाले. विखुरलेल्या लहान लहान फाइली आणायच्या असल्या तर असा हात सेकंदाला फार तर शंभराच्या आसपास खेपा करतो. तबकडी नसलेली एसएसडी अशा हजारो खेपा करते. त्यामुळे प्रोसेसर भारी असूनही तो बहुतेक वेळ डिस्कची वाट पाहत रिकामा बसलेला असतो.

आणि इथे बाजाराने गिऱ्हाइकाला चांगलेच गंडवले. पाच-सात वर्षांपूर्वीपर्यंत चार जीबी रॅम आणि १ टीबी तबकडीची डिस्क असलेले मोठमोठ्या नावांचे लॅपटॉप दुकानात मांडलेले असत. शेजारी २५६ जीबीची एसएसडी असलेले यंत्र असले तर आपला माणूस म्हणे, त्याच पैशात चौपट जागा मिळते, तेच द्या. दुकानाचा हिशेब, बिले आणि फोटो मिळून शंभर जीबीही भरत नव्हते. जागा मोठी मिळाली खरी, पण शिडी बैलगाडीच्या वेगाची मिळाली.

तबकडीची डिस्क भरत जाईल तशी आणखी सुस्तावते. मोकळी जागा तुकड्या-तुकड्यांत उरते, त्यामुळे एकच फाइल दहा ठिकाणी विभागून ठेवावी लागते आणि तो हात सारखा इकडून तिकडे पळतो. म्हणून डिस्कचा पाचवा हिस्सा तरी मोकळा ठेवावा. डिस्कचा काही भाग खराब होऊ लागला असेल तर एकच ओळ वाचण्यासाठी ती पुन्हा पुन्हा प्रयत्न करते. कॉम्प्युटर अधूनमधून मिनिटभर गोठतो आणि आतून टकटक आवाज येतो, हे लक्षण मंदपणाचे समजू नये. ते डिस्क मरणाला टेकल्याचे लक्षण आहे. अशा वेळी दुसरे काहीही करण्याआधी हिशेबाची नक्कल पेनड्राइव्हवर काढून घ्यावी. उधारीची खतावणी गेली तर कॉम्प्युटरच्या किमतीपेक्षा कितीतरी मोठा घाटा होतो.

वजन वाढवणारे

आपण एकही नवा प्रोग्राम घातला नाही तरी ओझे वाढतेच. विंडोज ९५ ला कमीत कमी ४ एमबी रॅम लागे. २००१ च्या एक्सपीला ६४ एमबी, २००९ च्या विंडोज ७ ला १ जीबी, २०२१ च्या विंडोज ११ ला ४ जीबी. म्हणजे पाव शतकात हजारपट! आणि हे आकडे 'कसेबसे चालेल' या अर्थाचे आहेत, सुखाने काम करायचे तर दुप्पट धरावे. पास्कल ही संगणकभाषा तयार करणारे स्विस शास्त्रज्ञ निकलाउस विर्थ यांनी १९९५ मध्येच लिहून ठेवले होते की यंत्रे ज्या गतीने वेगवान होतात त्यापेक्षा अधिक गतीने प्रोग्राम जड होतात. प्रोग्राम लिहिणाऱ्यांच्या टेबलावर नेहमी नवे आणि भारी यंत्र असते. मालेगावच्या दुकानातल्या आठ वर्षांच्या जुन्या यंत्रावर तो प्रोग्राम कसा चालेल, हे पाहायला ते येत नाहीत.

काही वेळा हे वजन आपल्याच सुरक्षेसाठी असते. जानेवारी २०१८ मध्ये प्रोसेसरांच्या रचनेतच 'मेल्टडाउन' आणि 'स्पेक्टर' नावाचे दोष असल्याचे जाहीर झाले. वेग वाढवण्यासाठी प्रोसेसर पुढचे काम अंदाजाने आधीच करून ठेवतो, त्या सवयीतूनच चोराला वाट मिळत होती. ती वाट बुजवण्यासाठी जे बदल आले त्यांनी वेग कमी केला, आणि २०१५ च्या सुमाराच्या व त्याआधीच्या यंत्रांना त्याचा फटका अधिक बसेल, असे मायक्रोसॉफ्टनेही त्या वेळी सांगितले होते.

मग कंपन्या जाणूनबुजून यंत्र मंद करतात का? हा प्रश्न आम्हाला वारंवार विचारला जातो. फोनच्या बाबतीत संशयाला जागा आहे. डिसेंबर २०१७ मध्ये ॲपल कंपनीने कबूल केले की बॅटरी जुनी झालेल्या काही आयफोनचा वेग ती कमी करीत होती. फोन अचानक बंद पडू नये म्हणून असे केले, हे तिचे कारण. परंतु गिऱ्हाइकाला स्पष्ट सांगितले नव्हते, आणि लोक बॅटरी बदलण्याऐवजी फोनच बदलत राहिले. त्याबद्दल २०२० मध्ये फ्रान्समध्ये तिला अडीच कोटी युरोंचा दंड झाला. दुकानातल्या विंडोज कॉम्प्युटरांबाबत मात्र असा ठपका पुराव्यानिशी ठेवता येईल असे आम्हाला दिसत नाही, आणि पुराव्यावाचून बदगुमानी नको. कंपनी यंत्राचा गळा दाबत नाही. ती फक्त सुरुवातीलाच तोकडे सामान घालते आणि पुढे तिकडे पाहत नाही. गिऱ्हाइकाच्या खिशाला बसणारी झळ, अर्थात, तीच.

धूळ, गादी आणि चार्जर

ही बाब भिवंडी, मालेगाव, इचलकरंजीच्या बांधवांनी विशेष ध्यानात घ्यावी. यंत्रमागाच्या कारखान्यात कापसाची तूस हवेत तरंगत असते. कॉम्प्युटरचा पंखा ती आत ओढतो आणि पंख्यामागच्या जाळीवर तिची गोधडीच तयार होते. गरम हवेला बाहेर जायला वाट उरत नाही. प्रोसेसरची उष्णता शंभर अंशांच्या आसपास गेली की तो जळू नये म्हणून आपणहून वेग कमी करतो. गिऱ्हाइकाला दिसते ते एवढेच की सकाळी बरा चालतो आणि दुपारी रडतो. असे सकाळ-दुपारचे अंतर असेल तर दोष उष्णतेचा आहे, हे बहुतेक वेळा नक्की समजावे. पंख्याचा आवाज वाढलेला असेल तर शंकाच नको.

उपाय कमी खर्चाचा आहे. यंत्र बंद करून, वीज काढून, ब्लोअरने जाळी साफ करून घ्यावी. हवा मारताना पंख्याचे पाते काडीने धरून ठेवावे, नाहीतर ते भलत्याच वेगाने फिरून बिघडते. प्रोसेसरवरचा लेप तीन-चार वर्षांत सुकतो, तोही त्याच वेळी बदलून घ्यावा. कारखान्यात हे काम दर तीन-चार महिन्यांनी लागते, साध्या दुकानात वर्षातून एकदा पुरते.

पेढीच्या गादीवर लॅपटॉप ठेवून काम करण्याची आपल्याकडे सवय आहे. लॅपटॉपला हवा घ्यायची भोके खालच्या बाजूला असतात, ती गादीत बुजतात. खाली लाकडी पाट ठेवला तरी भागते. आणखी एक बारीकशी गोष्ट. काही कंपन्यांचे लॅपटॉप चार्जर आपलाच आहे की नाही हे ओळखतात, आणि परका किंवा कमी ताकदीचा चार्जर लावला तर वेग उतरवून चालतात. चार्जर बदलल्यापासून लॅपटॉप मंद झाला असेल तर इतरत्र शोधण्याआधी तिथे पाहावे.

काय करावे, आणि कोणत्या क्रमाने

दुरुस्तीवाल्याला बोलावण्याआधी दोन मिनिटे स्वतः पाहावे. कीबोर्डवर कंट्रोल, शिफ्ट आणि एस्केप ही तीन बटणे एकदम दाबली की टास्क मॅनेजर उघडतो. त्यात डिस्कच्या खाली शंभर टक्के दिसत असेल आणि प्रोसेसर दहा-वीस टक्क्यांवर असेल, तर घोडा बरा आहे, शिडी खराब आहे. मेमरीचा आकडा नव्वदच्या पुढे असेल तर अड्डा तोकडा आहे. तिथेच 'स्टार्टअप' नावाचा भाग आहे. यंत्र सुरू होताच आपोआप कोण कोण जागे होते, त्याची यादी त्यात मिळते. ओळखीचे आणि गरजेचे तेवढे ठेवून बाकीचे बंद करावे. याला एक पैसाही पडत नाही.

एवढ्याने भागले नाही तर तबकडीची डिस्क काढून एसएसडी बसवावी. जुन्या लॅपटॉपमध्ये ती त्याच खाचेत बसते. काही हजारांच्या या एका बदलाने सात-आठ वर्षांचे यंत्र पुन्हा दुकानाच्या कामाला येते. रॅम चार जीबी असेल तर आठ करावी, मात्र काही पातळ लॅपटॉपमध्ये ती बोर्डालाच डाक दिलेली असते आणि वाढवता येत नाही. मेमरीचे भाव २०२५ च्या अखेरीपासून चढले आहेत, तेव्हा दोन-तीन दुकानांत विचारून घ्यावे. यंत्र वॉरंटीत असेल तर उघडण्याआधी कंपनीच्या केंद्रात विचारणे बरे.

'फॉरमॅट मारून देतो' असे दुरुस्तीवाला म्हणाला तर त्याला एक प्रश्न अवश्य विचारावा, विंडोज कुठले टाकणार? कंपनीने डिस्कच्या कोपऱ्यात ठेवलेल्या नकलेवरून टाकले तर ते जुने पाहुणे पुन्हा जसेच्या तसे हजर होतात. मायक्रोसॉफ्टच्या साइटवरून कोरे विंडोज आठ जीबीच्या पेनड्राइव्हवर फुकट उतरवता येते. विंडोज ८ नंतरच्या कंपनीच्या यंत्रांत परवान्याची खूण सहसा बोर्डातच असते, ती आपोआप ओळखली जाते. आपण पैसे देऊन घेतलेला परवाना घरात असताना दुरुस्तीवाल्याचे चोरटे विंडोज घालण्याचे काहीच कारण नाही. क्रॅक केलेल्या प्रोग्रामांविषयीही हेच. दुसऱ्याच्या मेहनतीचा हक्क मारला जातो हे तर आहेच, पण अशा प्रोग्रामांबरोबर पुष्कळदा असा पाहुणा येतो जो आपल्या यंत्रावर रात्रंदिवस दुसऱ्यासाठी आभासी नाणी पाडत बसतो. वीज आपली, कमाई त्याची, आणि मंद झाला म्हणून दोष कंपनीला!

टॅलीचा हिशेब अनेक वर्षे एकाच कंपनी-फाइलमध्ये साचला असेल तर तो आर्थिक वर्षानुसार विभागून घ्यावा. जीएसटी १ जुलै २०१७ पासून लागू झाला, तेव्हापासूनची प्रत्येक नोंद अजून एकाच फाइलमध्ये असलेली दुकाने आहेत. विभागण्याआधी पूर्ण नक्कल काढायला मात्र विसरू नये.

नवे यंत्र घेणे भाग पडते ते बहुधा दुसऱ्याच कारणाने. विंडोज १० ची नियमित देखभाल मायक्रोसॉफ्टने १४ ऑक्टोबर २०२५ रोजी थांबवली. नोंदणी करणाऱ्या घरगुती वापरकर्त्यांसाठी सुरक्षेची वाढीव मुदत ऑक्टोबर २०२६ पर्यंतची जाहीर झाली. विंडोज ११ साधारण २०१८ च्या आधीच्या यंत्रांना स्वीकारत नाही, मग ती कितीही सुरेख चालत असोत. अशा यंत्रावर बँकेचे आणि जीएसटीचे काम करीत राहणे धोक्याचे. पत्रे, बिले, मुलांचा अभ्यास यासाठी त्यावर लिनक्स मिंटसारखी फुकट आणि कायदेशीर प्रणाली घालता येते. टॅलीला मात्र विंडोजच लागते.

घ्यायचेच ठरले तर नावाच्या आधी आतला माल वाचावा. आठ जीबी रॅम, शक्यतो सोळा, वाढवण्यासाठी मोकळी खाच आणि एसएसडी. डेस्कटॉप घेणार असाल तर आणखी एक विचारावे. काही नामांकित कंपन्या पॉवर सप्लाय आणि बोर्ड आपल्याच मापाचे घालतात, बाजारातला साधा भाग त्याला बसत नाही आणि लहानशा बिघाडाला कंपनीचाच भाव मोजावा लागतो. असेम्बल केलेल्या यंत्रात हा त्रास नाही, पण तिथे विश्वासू दुकानदार शोधावा लागतो. रोख रक्कम जमेपर्यंत जुन्या यंत्रात एसएसडी घालून वर्ष-दीड वर्ष सहज काढता येते, हप्त्याची घाई नको.

जुने यंत्र विकताना किंवा मदरशाला देताना त्याचा ऐब सांगून द्यावा, हे वेगळे सांगायला नको. पण त्याच्या डिस्कवर गिऱ्हाइकांचे फोन नंबर, आधारच्या नकला, कोणाची किती उधारी, हे सारे असते. ती लोकांनी आपल्याकडे ठेवलेली अमानत आहे. फाइल डिलीट केल्याने ती पुसली जात नाही, साध्या प्रोग्रामनेही परत काढता येते. डिस्क काढून घेऊन यंत्र द्यावे हे सर्वांत उत्तम. ती डिस्क यूएसबीच्या डबीत घातली की दर जुम्याला दुकान बंद करताना हिशेबाची नक्कल काढायला कामास येते, आणि त्या कामासाठी तिचा बैलगाडीचा वेगही चालतो.